पायाचं दुखणं छातीत

शाळेच्या जिन्याची फरशी नुकतीच पुसली होती. सहावीच्या मुलांच्या तपासायच्या वह्या छातीशी धरून मी उतरत होते, शेवटच्या पायऱ्यांवर घसरले आणि घोट्याच्या वरचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर बसलं. गारखेड्याच्या आमच्या घरातली खिडकीजवळची खुर्ची माझी झाली.

दुसऱ्याच दिवशी लासूर स्टेशनहून आई आली. तिनं घराचा आणि माझा ताबा घेतला. पाण्याचा ग्लास हातात, जेवणाचं ताट मांडीवर. हाडाच्या डॉक्टरांनी बोटं हलवत राहायला सांगितलं होतं, पण हलवली की कळ यायची आणि मी कण्हले की आई स्वयंपाकघरातून धावत यायची. "हलवू नको ग. हाड निवांत राह्यलं तरच जुळंल." मलाही निवांत राहणं सोपं वाटत होतं.

काही आठवडे असे गेले. मग प्लास्टरच्या आत पोटरी ठणकू लागली. प्लास्टर आवळत असेल, पुढच्या तपासणीला सांगू, असं आम्ही ठरवलं. त्या तपासणीच्या आधीच एका सकाळी, केस विंचरत असताना, मला श्वास पुरेना. जिना चढल्यासारखी धाप लागली, आणि मी तर खुर्चीत बसून होते. श्वास आत ओढला की उजव्या बरगडीखाली सुरी टोचल्यासारखं व्हायचं.

नवरा म्हणाला, "गॅस असेल. ओवा देऊ का?"

आईनं माझ्याकडं निरखून पाहिलं. "ओवा नको, जावईबापू. तिचे व्होट बघा, निळे पडलेत. रिक्षा आणा."

समोरच्या गल्लीतले रिक्षावाले चाचा गाडी पुसतच होते. दोघांनी मला उचलून आत बसवलं. "आराम से, ताई. बोलू नका, फक्त श्वास घ्या," असं म्हणत चाचांनी खड्डे चुकवत रिक्षा काढली. श्वास घेणं हे सांगून करायचं काम असतं, हे मला त्या दिवशी कळलं. आईनं माझा हात धरला होता. तिचा हात माझ्याहून थंड होता.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरबाईंनी माझ्या बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला आणि लगेच नाकाला प्राणवायूची नळी लावली. छाती तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "प्लास्टर कधीचं आहे? पोटरी दुखते का?"

मला वाटलं, या चुकून पायाकडं वळल्या. पण त्यांनी प्लास्टर कापायला लावलं. आतली पोटरी दुसऱ्या पायापेक्षा चांगलीच सुजलेली निघाली. मग रक्त तपासलं, पायाची सोनोग्राफी झाली, छातीचं स्कॅन झालं. माझ्या फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली होती, आणि ती पायातून आली होती.

"पायातली गाठ छातीत कशी जाईल?" आईनं विचारलं. तिला ते खरंच वाटत नव्हतं.

डॉक्टरबाई घाईत होत्या, तरी त्या आईजवळ थांबल्या. "हृदयातून रक्त खाली जातं ते जोरानं, आजी. वर येताना मागं तसा जोर नसतो. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू शिरा पिळतात आणि रक्त वर ढकलतात. शिरांमध्ये झडपा असतात, त्या ते खाली घसरू देत नाहीत. यांची पोटरी बरेच दिवस गप्प होती. रक्त साचलं, गाठ झाली."

"मंग तिथंच का नाय राह्यली?"

"तिचा तुकडा सुटला. पायाकडून हृदयाकडं येताना शिरा रुंद होत जातात, म्हणून तो सहज वर आला. हृदयाच्या उजव्या बाजूनं त्याला पुढं फुप्फुसात ढकललं. तिथल्या वाहिन्या बारीक होत जातात. तिथं तो अडकला. आता यांच्या छातीत हवा जाते, पण त्या भागात ती घ्यायला रक्तच पोचत नाही. ती तूट भरून काढायला हृदय धावतंय."

आई माझ्या पायाकडं बघत राहिली. "म्याच हलवू दिला नाय तिला."

"नुसतं तेवढ्यानं होत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हाड मोडलं की रक्त गोठवायची तयारी शरीर आपणहून करतं. जखम भरायला ते लागतंच. इथं ते जरा जास्त झालं."

अतिदक्षता विभागात पोटात इंजेक्शनं सुरू झाली. त्याआधी त्यांनी माझी मूत्रपिंडं नीट चालतात का ते पाहिलं, कारण औषध बाहेर टाकायचं काम त्यांचं. मी विचारलं, "यानं गाठ विरघळेल ना?"

"औषध ती वाढू देणार नाही. विरघळवणार तुमचं शरीरच."

आजारपणात मला सगळ्यात जास्त बळ त्या वाक्यानं दिलं. तोवर मला वाटत होतं, शरीरानं मला दगा दिला. आता पडल्या पडल्या मी कल्पना करायचे, की आत कुणीतरी न थांबता कामाला लागलंय. हळूहळू नाडी उतरली. एका दुपारी मी एका दमात नवऱ्याला पूर्ण वाक्य बोलले, तेही त्यानं आणलेला चहा गार झाल्याबद्दल, आणि तो तोंड फिरवून डोळे पुसू लागला.

घरी गोळ्या आल्या आणि व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आल्या. पोटरी बारीक झाली होती, पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा. हाड जुळल्यावर त्यांनी मला ओट्याला धरून टाचा उचलायला लावल्या. घाम फुटला, पण धाप लागली नाही. आई शेजारी येऊन उभी राहिली आणि पदर खोचून तीही टाचा उचलू लागली. "माझी बी पोटरी गप्पच बसलेली असती की," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी मोठ्यानं हसलो.

शाळा सुरू झाली. पुन्हा केलेल्या तपासणीत फुप्फुसातली वाट मोकळी दिसली आणि पुढं डॉक्टरबाईंनी गोळ्याही बंद केल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुकुंदवाडी स्टेशनहून रेल्वेनं लासूरला आईकडं गेले. आई घरात नव्हती. शेजारच्या काकूंचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांच्याकडं ती गेली होती. मी उंबऱ्याशी पोचले तेव्हा तिचा आवाज ऐकू आला.

"डॉक्टरांनी सांगितलंय ना हलवायला? मंग हलीव पाय. दुखतंय व्हय, मला म्हाईतय. तरी हलीव."

काकू कुरकुरत होत्या. आईनं खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांचा तळवा दोन्ही हातांत धरला होता, आणि त्यांच्याबरोबर तीही आपली बोटं वर-खाली करत होती.