निळं बटण, रडका चेहरा आणि आप्पांचा नंबर

माझ्या लॅपटॉपवर 'दुरुस्त्या' नावाचं एक फोल्डर आहे. ॲपमध्ये काही बिघडलं की लगेच नोंद करायची, असं कॉलेजात शिकवलं होतं. परवा उघडून पाहिलं तर दुरुस्त्या तीन आणि बाकी सगळे किस्सेच. दुरुस्ती झाली की नोंद पुसता येते, किस्सा पुसायला हात धजत नाही. मग साचत जातात.

आमची एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआयची दोन सेंटर्स आहेत, एक शिरूरला आणि एक दौंडला. दोन्हीच्या डॉक्टर आणि मालकीण एकच, त्यांना सगळे मॅडम म्हणतात. पेशंटनं घरूनच नंबर लावावा, सूचना वाचाव्या, रिपोर्ट फोनवर घ्यावा, असं ॲप बनवायचं माझं काम.

"महिनाभर बघू," मॅडम म्हणाल्या होत्या. "लोकांना जमलं तर ठीक. नाहीतर टोकनच्या वह्या परत छापायला टाकते, आणि मग तुझं..."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि वाक्य तिथंच राहिलं. अर्धी राहिलेली वाक्यं मी मनात पूर्ण करते, आणि नेहमी वाईटच करते.

* * *

पोटाच्या सोनोग्राफीआधी पाणी पिऊन, लघवी रोखून यायचं असतं. त्यासाठी ॲपवरून एक मेसेज जायचा, "पाणी प्यायलात का?" एकदाच जायला हवा होता. माझ्या चुकीनं तो दर दहा मिनिटांनी जात राहिला.

कारेगावच्या एक मावशी शिरूरच्या सेंटरसमोर रिक्षातून उतरल्या त्या कुणाशी न बोलता थेट बाथरूममध्ये गेल्या. बाहेर आल्यावर मी हात जोडले. म्हटलं, मावशी, माझी चूक झाली.

"चूक कसली? फोन इचारायचा, मी प्यायची. इतक्या मायेनं माझ्या सुनेनं बी कवा इचारलं न्हाई."

"पण आता परत प्यावं लागेल हो."

मावशींनी फोन माझ्यापुढे धरला. "मग ह्याला सांग की इचारायला."

* * *

दौंडला एमआरआय आहे. त्याच्या सूचनेत मी लिहिलं होतं, "अंगावर धातूची कोणतीही वस्तू नको." कुठं काढून ठेवायची, ते लिहायचं राहिलं.

यवतचे एक आबा आले. चष्मा घरी, घड्याळ घरी, कमरेचा चांदीचा करगोटा घरी. कवळीला तार आहे म्हणून कवळीसुद्धा घरी! आजींनी हाताला धरून एसटीतून आणलं होतं. आबांना समोरचं दिसत नव्हतं आणि ते काय बोलतात ते आम्हाला कळत नव्हतं.

ते माझ्याकडे बघून बराच वेळ काहीतरी सांगत होते. मला वाटलं, रागावले.

"काय म्हणतायत?" मी आजींना विचारलं.

"म्हणतेत, चपलंला खिळं हायती, म्हणून अनवाणी आलोय. चालंल ना?"

* * *

रिपोर्ट मिळाला की फोनवर तीन चेहरे यायचे: हसरा, मधला, रडका. सेवा कशी वाटली ते दाबून सांगायचं. दोन आठवड्यांनी मॅडमनी यादी उघडली.

"सगळेच रडतायत?"

मी दिवसभर वेटिंगमध्ये जाऊन बसले. एक दादा मजेत बिस्किट खात होते, शेजाऱ्याला टाळी देत होते. रिपोर्ट आला आणि त्यांनी रडका चेहरा दाबला.

"दादा, काही त्रास झाला का इथं?"

"न्हाई ताई, झकास हाय समदं."

"मग हा रडका का?"

"हसरा दाबला तर डॉक्टर म्हणणार, ह्याला कुठं काय झालंय, जाऊ द्या घरी."

मी धावत जाऊन मॅडमना सांगितलं. "कारण चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण अर्धा महिना गेलाय."

* * *

दोन सेंटर्स वेगळी कळावीत म्हणून 'रिपोर्ट तयार' हे बटण मी शिरूरला गुलाबी ठेवलं होतं आणि दौंडला निळं. दुसरं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं, शपथ.

एका दुपारी एका सासूबाईंचा फोन आला. आवाज एकदम खाजगी. "बाई, आमच्या सुनंला गुलाबी बटण आलंय. निळं यायला दौंडला जावं लागंल का?"

गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे, असा बोर्ड आमच्या दारावर मोठ्या अक्षरांत आहे. मी त्याच्याखालीच उभी होते. फोन ठेवला आणि थेट मॅडमकडे गेले.

मॅडमनी ऐकून डोळे मिटले. "दोन्ही बटणं राखाडी कर. आत्ता. आणि राखाडीचाही कुणी अर्थ काढला, तर आधी मला सांग."

मग त्यांनी स्वतः त्या सासूबाईंना फोन लावला. मला बाहेर थांबायला सांगितलं होतं. बाहेरही सगळं ऐकू आलं.

* * *

महिन्याचा शेवट. मॅडम यादी बघता बघता थांबल्या.

"हा केंदूरचा एकच नंबर. ह्याचे सहा गुडघे, दोन मुतखडे आणि तीन बाळंतपणं. माणूस आहे का कोण?"

तो नंबर आप्पांचा निघाला. आप्पा केंदूरला दूध डेअरी चालवतात. गावातल्या बऱ्याच घरांतली पोरं कंपनीत, आणि तिथं फोन गेटवरच जमा करायचे असतात. मग नंबर लावताना येणारा ओटीपी सांगणार कोण? म्हणून सगळ्यांनी आप्पांचा नंबर दिलेला. रिपोर्ट त्यांच्या फोनवर यायचे आणि सकाळी दूध घालताना ज्याचा त्याला मिळायचे.

मी घाबरत फोन केला. "आप्पा, रिपोर्ट खाजगी असतो हो."

"व्हय की. म्हणून तर एकेकाला बाजूला घेऊन सांगतो. गर्दी असली तरच मोठ्यानं वाचतो."

फोन स्पीकरवर होता. मॅडम म्हणाल्या, "हे असं चालणार असेल तर ॲप बंद. उद्या वह्यांची ऑर्डर देते."

दुसऱ्या दिवशी शिरूरच्या काउंटरवर मॅडम ऑर्डरचा कागद भरत होत्या आणि समोर आप्पाच उभे राहिले. स्वतःच्या पोटाची सोनोग्राफी करायला.

"आप्पा, नंबर तोच घालू ना?" मी विचारलं.

आप्पांनी मागं-पुढं पाहिलं आणि काउंटरवर वाकले. "त्यो नगं. त्यो फोन दिवसभर डेअरीत असतो, समदी बघत्यात. माझं दुखणं गावाला कशापायी?"

मॅडमचं पेन थांबलं.

"मग मुलाचा घालू?"

"पोरगं लगीच रडतंय." त्यांनी जरा विचार केला. "तुझा घाल."

"माझा? आप्पा, मी तर साध्या रिंगनंसुद्धा दचकते."

"म्हणून तर. तू कुणाला सांगायची न्हाईस."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी वह्यांच्या ऑर्डरचा कागद दुमडला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर लावून घेतला. मी माझा नंबर घातला. हातातला फोन थरथरला आणि मी ठरल्याप्रमाणे दचकले.

"ओटीपी आला वाटतं," आप्पा म्हणाले. "हळू वाच."