चार आकडी कोड

ओळीनं तिसऱ्या वर्षी पाऊस रुसला होता आणि शहर मात्र चहूबाजूंनी फुगत चाललं होतं. नळ न पोचलेल्या नव्या वसाहतींना टँकर मिळावा म्हणून मी नोकरी सोडून ॲप काढलं. क्रांती चौकात वरच्या मजल्यावर ऑफिस, भिंतीवर मोठी स्क्रीन आणि डोक्यात हवा.

टँकर वाटेतच दुसऱ्याला विकला जाऊ नये म्हणून मी अक्कल लढवली होती. बुकिंग करणाऱ्याच्या मोबाईलवर चार आकडी कोड जायचा. तो सांगितल्याशिवाय ड्रायव्हरनं पाणी सोडायचं नाही. तरी रोज काही टँकर भरलेलेच परत यायचे. स्क्रीनवर लाल अक्षरांत दिसायचं, ‘ग्राहकाने प्रतिसाद दिला नाही’. लोकांना पाण्याचीसुद्धा कदर नाही, असं मी मीटिंगमध्ये तावातावानं बोलायचो. शेवटी एकदा खात्री करायला मीच टँकरमध्ये बसलो.

गंगापूरच्या रस्त्याला एका वसाहतीत थांबलो. दारात टिपाड, घागरी, बादल्या, अगदी कुकरसुद्धा मांडून एक बाई उभी होती.

“कोड सांगा, ताई,” ड्रायव्हर म्हणाला.

“ह्यांच्या मोबाईलवर आला आसंल. ते कंपनीत हायेत. तिथं मोबाईल गेटवरच ठिवून घेतेत.”

“मग नाय देता येत.”

“अवो भाऊ, सकाळधरनं लेकरं शेजारी मागून पेतेत. सोडा की!”

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. स्क्रीनवरच्या कितीतरी लाल ओळींमागं अशी एकेक बाई उभी असणार, आणि मी तिला बेफिकीर ठरवून मोकळा झालो होतो. पाणी भरतं कोण आणि मोबाईल कुणाच्या खिशात असतो, एवढी साधी गोष्ट आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचली नव्हती. माझ्या घरी तरी कोण भरत होतं? बायकोच की! मला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

“थांब, थांब! सोड पाणी,” मी ओरडलो. “कोड राहू दे.”

त्यानं इंजिन बंद केलं, पण खाली उतरला नाही.

“साहेब, गेल्या महिन्यात माझ्या भावानं बी एका बाईला असंच बिनकोडाचं पानी सोडलं व्हतं. तुमी त्याला चोर म्हनून काढलं.”

काढलं होतं. वर पोलिसात देईन म्हणून दमही भरला होता. खाली त्या बाईनं घाईघाईनं टिपाडाचं झाकण काढलं, आणि मला काही केल्या त्या माणसाचा चेहरा आठवेना.