कवळीवाल्या मुकुंदरावांचा ससा

बळेपेठेत मुकुंदराव कवळीवाल्यांचं दुकान कुणालाही विचारलं असतं तरी सापडलं असतं. दुकान कसलं, जिन्याखालची एक खोली. पण तिथल्या कपाटात अर्ध्या पेठेचे जबडे प्लास्टरमध्ये उतरवून ठेवलेले होते. दात कोरून पोट भरत नाही असं लोक म्हणतात, मुकुंदरावांचं मात्र दात कोरूनच भरत होतं. घराणं कैक पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलेलं, त्यामुळं घरात मराठी, दुकानात कानडी आणि रागावले की दोन्ही. तरुणपणी ते दंडूमधल्या, म्हणजे कॅन्टोनमेंटमधल्या, एका गोऱ्या दंतवैद्याच्या हाताखाली कवळ्या करायला शिकले. गोरा सत्तेचाळीस साली विलायतेला गेला आणि जाताना पायानं चालवायचं घासणीयंत्र यांना देऊन गेला. एकोणीसशे अठ्ठावन्न साल उजाडलं तरी मुकुंदराव त्यावरच कवळ्या घासत होते.

माणूस कामाला चोख आणि स्वभावानं हेकट. कवळी तोंडात बसली की गिऱ्हाइकाला आरशात बघू देण्याआधी ते बजावायचे, पंधरा दिवस मऊ भात, वर स्वल्प तूप, बाकी काही नाही. हा त्यांचा मंत्र होता. एका सुपारीच्या अडत्यानं तिसऱ्याच दिवशी कडक कोडबळं चावलं आणि कवळीचे दोन तुकडे घेऊन आला, तेव्हा मुकुंदरावांनी त्याला बाकावर बसवून साऱ्या गिऱ्हाइकांदेखत असा फैलावर घेतला की त्या बापड्यानं पुन्हा त्यांच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. हिरडी म्हणजे लेकराची टाळू, असं ते म्हणायचे. दुखऱ्या तोंडाला मऊ घास द्यावा, हे त्यांनी इतक्या जणांना इतकी वर्षं सांगितलं होतं की त्यात शंका घेण्याजोगं काही असेल, हे त्यांच्या डोक्यातही येत नसे.

ससा त्यांच्याकडे आला तो दसऱ्याच्या सुमाराला. रिचमंड टाउनात एक म्हातारी मडम राहायची, तिची कवळी द्यायला मुकुंदराव गेले होते. मडमेचा मुलगा तिला ऑस्ट्रेलियाला न्यायला आला होता. घरातलं सामान विकून झालं होतं, आणि परसातले ससे तेवढे राहिले होते. ते न्यायला बाजारातला एक कसाई टोपली घेऊन आला होता. त्यानं सगळे ससे घेतले, एक सोडून. एवढंसं करडं पिल्लू होतं ते. त्याचे वरचे दोन दात आत वळले होते, खालचे ओठाबाहेर आले होते. हे खात नाही, याच्या अंगाला मांस धरायचं नाही, असं म्हणत कसायानं त्याची मान पिरगळायला हात घातला. मुकुंदरावांनी पिल्लाकडं पाहिलं ते फक्त दात म्हणून. असला वाकडा दात समोर असताना सरळ न करता उठणं त्यांना जमणारंच नव्हतं. कवळीच्या पिशवीत पिल्लू घालून ते घरी आले.

त्यांच्या बायकोनं, शारदाबाईंनी, आधी तोंडाला पदर लावला. दोन्ही मुली दिल्या घरी गेल्यापासून त्या आणि मुकुंदराव दोघंच होते. आपल्या घरात हे काय ध्यान, चार लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणजे मला गिऱ्हाईकच मिळेल, असं मुकुंदराव म्हणाले आणि त्यांनी यंत्राला सगळ्यांत बारीक चकती लावली. पिल्लाला फडक्यात गुंडाळून शारदाबाईंनी मांडीवर धरलं, मुकुंदरावांनी पायटी हाणली आणि समोरचे चारही दात बघता बघता कापून गुळगुळीत केले. काम झाल्यावर त्यांनी सवयीनं आरसासुद्धा उचलला होता. शारदाबाई हसल्या, आणि त्या हसण्यात सशाचं घरात राहणं ठरून गेलं. नाव पडलं गुंडू.

पुढं काय होणार ते सांगायला नको. मुकुंदरावांचा मंत्र गुंडूलाही लागू झाला. शारदाबाई सकाळी त्याच्यासाठी वेगळं पातेलं चढवायच्या. गुरगुट्या भात, चिमूटभर मीठ. कधी रागीची पातळ आंबील. भात निवला की बोटावर घेऊन त्याच्यापुढं धरायच्या आणि तो इवल्या जिभेनं बोट साफ करायचा. मुली लहान असताना शारदाबाईंनी असंच भरवलं होतं. पंधरा दिवस झाले तेव्हा समोरचे दात पुन्हा वाढलेले दिसले. मुकुंदरावांनी पुन्हा कापले, आणि दाताचं काम ताजं म्हणून मऊ भाताचे दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मग तसंच चालू राहिलं. शेजारची यल्लव्वा भाकरीचा कडक तुकडा आणि मुळ्याचा पाला घेऊन यायची. मुकुंदराव तो हातातून काढून घ्यायचे आणि तिलाही चार शब्द सुनवायचे.

कार्तिक सरला आणि गुंडूची हनुवटी ओली राहायला लागली. लाळ गळायची, मानेखालचे केस चिकटून त्याच्या जटा व्हायच्या. शारदाबाई ऊन पाण्यानं पुसायच्या, तासाभरात पुन्हा ओलं. भाताकडं तो धावत यायचा, तोंड लावायचा आणि मागं सरायचा. पुन्हा यायचा, पुन्हा सरायचा. त्याला भूक होती, हे बघणाऱ्याला कळत होतं. आणि तेच बघवत नव्हतं. मुकुंदरावांना वाटलं, समोरचे दात अजून टोचत असतील. त्यांनी ते आणखी आखूड केले. शारदाबाईंनी भात आणखी शिजवला, मग गाळून त्याची पेज केली. दृष्ट काढून झाली. बनशंकरी देवीला लिंबाचा दिवा लावून झाला. कोपऱ्यात बसून गुंडू दात करकर वाजवायचा. तो आवाज माजघरात ऐकू यायचा आणि शारदाबाई हातातलं काम टाकून तशाच उभ्या राहायच्या.

हातात घेतला तर बरगड्या लागायच्या. मुकुंदरावांचा आता दुकानात जीव लागेना. एका गिऱ्हाइकाचा वरचा जबडा दुसऱ्याच्या खालच्या जबड्याला जोडून बसले, आणि गिऱ्हाइकानं बोंब मारल्यावर उलट न बोलता पुन्हा माप घ्यायला लागले. पेठेत लोक म्हणायला लागले, मुकुंदराव आजारी आहेत का. ते आजारी नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातचं काम चुकत होतं आणि कुठं चुकतंय तेच त्यांना कळत नव्हतं. देवाजवळ बसले की ते काही मागत नसत, नुसते बसून राहत.

शेवटी त्यांनी गुंडूला पिशवीत घातलं आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर हयवदनांकडं नेलं. हे डॉक्टर त्यांच्या ओळखीचे, त्यांच्या वडिलांची कवळी यांनीच केलेली. तिथं गाई-म्हशींची रांग होती. सशाला घेऊन आलेला माणूस बघून गवळी हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी गुंडूचे गाल बाहेरून दाबून पाहिले, तसा तो किंचाळला. ससा किंचाळतो हे मुकुंदरावांना माहीत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, काय खायला घालता?

मुकुंदरावांनी मोठ्या विश्वासानं सांगितलं की मऊ भात, पेज, आंबील. दाताला त्रास होईल असं काडीभरसुद्धा याच्या तोंडात जाऊ दिलेलं नाही.

डॉक्टरांनी गुंडूला परत पिशवीत ठेवलं. मग कानडीत, अगदी हळू आवाजात म्हणाले, “रायरे, सशाचे दात मरेपर्यंत वाढतात. पुढचेही आणि मागचे दाढांचेही. दिवसभर गवत चघळलं तरच दाढा झिजतात. पुढचे वाकडे होते ते जन्माचं, ते तुम्ही कापत होता ते बरोबर होतं. तेवढ्यावर हा कितीही वर्षं जगला असता. पण मऊ भातानं दाढा झिजल्या नाहीत. त्या आता आत टोकं येऊन वाढल्यात.”

मुकुंदरावांनी दोनदा विचारलं की मागच्या दाढा आधी चांगल्या होत्या का. डॉक्टर दोन्ही वेळा हो म्हणाले. उपाय एकच होता, ईथर हुंगवून तोंड उघडायचं आणि दाढांची टोकं घासायची. एवढ्या लहान तोंडात जाईल असं हत्यार दवाखान्यात नव्हतं. मुकुंदराव म्हणाले, हत्यार मी करतो. डॉक्टरांनी बजावलं की असला अशक्त जीव ईथरमधून उठेलच असं नाही, आणि तोवर जमलं तर गवत द्या.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं ते मी काय सांगू. आपण त्याला वाचवायला आणलं आणि रोज थोडं थोडं मारलं, एवढं एकच त्यांना कळत होतं. आणि मारलं कुणाच्या हातानं, तर शारदेच्या. ती पहाटे उठून पातेलं चढवत होती. हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? घरी गेल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की डॉक्टर दाढा घासणार आहेत आणि गवत द्या म्हणाले.

बळेपेठेत गवत कुठलं. मुकुंदराव जयनगरला जायचे. तिथं नव्या घरांसाठी आखून सोडलेले प्लॉट होते, त्यांत गुडघाभर गवत वाढलेलं. धोतर खोचून, विळा घेऊन हा पेठेतला प्रतिष्ठित माणूस तिथं गवत कापत बसायचा. घरी आणून एकेक पातं गुंडूच्या तोंडाशी धरायचा. गुंडू ते ओठात घ्यायचा, एकदा जबडा हलवायचा आणि पातं खाली पडायचं. रक्ताचा बारीक डाग त्यावर दिसायचा. थोड्या वेळानं शारदाबाई पेज घेऊन यायच्या, बोट पुढं करायच्या, आणि तेवढं मात्र तो चाटायचा. नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागणार. शिवाय आता पेजेशिवाय त्याच्या पोटात दुसरं काही जातही नव्हतं. मुकुंदराव तोंड फिरवून दुकानात जाऊन बसायचे.

तिथं बसून त्यांनी हत्यार केलं. सायकलच्या तारेला टोकाशी इवलीशी कानस जोडली. तोंड उघडं धरायला पितळी तारेचा चिमटा वाकवला. प्लास्टरमध्ये सशाएवढा जबडा स्वतः कोरला आणि त्यावर सराव केला. जबडा मोडला की दुसरा कोरायचे, मग पुन्हा सुरू. इतकं नाजूक काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. ते करताना त्यांना जराशी आशासुद्धा वाटायला लागली होती, हे इथं सांगायलाच हवं.

ठरल्या दिवशी सकाळी शारदाबाईंनी गुंडूचं अंग पुसलं, कपाळाला बोटभर अंगारा लावला आणि पिशवीत स्वतःची जुनी मऊ साडी अंथरली. डॉक्टरांनी टेबलावर ईथरचा कापूस धरला. गुंडूचे पाय थोडे झाडले गेले, मग सैल पडले. मुकुंदरावांनी चिमटा लावून जबडा उघडला आणि डॉक्टरांनी विजेरी धरली. इतके दिवस जे तोंड धडपडीशिवाय कधी उघडलं नव्हतं, ते आता पार आतपर्यंत दिसत होतं.

खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी आत झुकून जिभेवर मिळाल्या होत्या. जीभ त्यांच्याखाली अडकून कापत गेली होती; एका कडेला तर ती जवळजवळ तुटलीच होती. गालाला आतून भोकं पडली होती, त्यांत पू होता. ह्याच जिभेनं काल संध्याकाळी त्यानं शारदेचं बोट चाटून साफ केलं होतं.

डॉक्टर म्हणाले, टोकं घासता येतील, पण जिभेचं मी काही करू शकत नाही. तुम्ही म्हणाल तसं. ईथर उतरायला फार वेळ नव्हता. मुकुंदरावांनी कानस हातात घेतली होती. ती त्यांनी एकदा दाढेला टेकवली, परत काढली आणि टेबलावर ठेवली.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “याला आता उठवू नका.”

डॉक्टरांनी कापसावर आणखी ईथर ओतलं. मुकुंदरावांनी चिमटा काढून ते तोंड हळूच मिटवलं आणि छातीवर बोट ठेवून उभे राहिले. बोटाखालचं थांबलं तरी बराच वेळ त्यांनी बोट उचललं नाही. दवाखान्यामागं चिंचेखाली जागा मिळाली, तिथं त्याला साडीत गुंडाळून पुरला.

शारदाबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. घडी घातलेली रिकामी पिशवी बघून त्यांना कळलं. दुखलं का हो त्याला, एवढंच त्यांनी विचारलं. झोपेतच गेला, असं मुकुंदरावांनी सांगितलं. त्या भिंतीला डोकं टेकून रडल्या. रडणं ओसरल्यावर पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, कशानं झालं, डॉक्टर काय म्हणाले?

“जन्माचंच होतं,” मुकुंदराव म्हणाले. “कुणाच्या हातात नव्हतं.”

“तरी बरं,” शारदाबाई म्हणाल्या, “आपल्याकडं होता तोवर त्याच्या तोंडात मऊ घास तरी गेला. ते तुमच्यामुळं. मला काय कळत होतं? तुम्ही आणलात त्या दिवशी दात कापून झाल्यावर तुम्ही यंत्र पुसत बसला होता ना, तेव्हा मी त्याच्यापुढं कोथिंबिरीच्या काड्या टाकल्या होत्या. कराकरा खात होता मेला. कसा खात होता, काय सांगू. मग तुम्हीच सांगितलंत, असलं काही द्यायचं नाही, तेव्हा मी झटकन काढून घेतल्या. नाही तर माझ्या हातून पापच झालं असतं, नाही का?”

त्यांनी मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं. त्यांना उत्तर हवं होतं.

“हो,” मुकुंदराव म्हणाले.