ओगाता-सानचा हमीदार

"उद्या एक लॅपटॉप गायब झाला तर क्लायंटला तोंड कोण देणार? तुम्ही?" बर्वे सरांनी विचारलं.

जपानमध्ये इचिकावाला आमच्या कंपनीचं गोदाम आहे. ऑफिसांतले जुने लॅपटॉप येतात. डेटा पुसून, दुरुस्त करून आम्ही ते विकतो. बर्वे सर मालक, मी एचआर. ओगाता-सान बावन्न वर्षांचे, अर्जदार. इंटरव्ह्यूत त्यांनी आपणहून सांगितलं: आधीच्या नोकरीत माल चोरला, तुरुंगात जाऊन आलो. टेस्टला दिलेले तिन्ही बंद लॅपटॉप त्यांनी जेवणाआधी सुरू करून दाखवले होते.

अडलं ते हमीपत्रावर. इथे नोकरीला लागताना बऱ्याच ठिकाणी कुणीतरी लिहून द्यावं लागतं: याने नुकसान केलं तर मी भरून देईन. आमची पुण्या-मुंबईची मंडळी निशी-कसाईच्या भारतीय वस्तीतल्या शेजाऱ्याची सही आणून मोकळी होतात. ओगाता-सानच्या भावाने फोनच उचलला नाही.

"मग मीच करतो सही," सर वैतागले.

"तुमचं नुकसान तुम्हीच तुम्हाला भरून देणार?"

ते हसले. "शुक्रवारपर्यंत बघा. नाहीतर दुसरा माणूस."

मी प्रोबेशन ऑफिसला, म्हणजे सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसला फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं: ओगाता-सानची संमती घ्या, कंपनीचं नाव नोंदवा, हमीदाराऐवजी आमची योजना उभी राहते. एक वर्ष, ठरलेल्या मर्यादेपर्यंत.

"आणि क्लायंट तुटला तर?" सरांनी विचारलं.

"ते यात बसत नाही."

"म्हणजे अर्धीच छत्री."

"आत्ता तीही नाहीये, सर."

ओगाता-साननी संमती दिली आणि शुक्रवारी दुपारी सरांनी योजनेच्या अर्जावर कंपनीचा शिक्का मारला.

पहिले दोन महिने सर रोज संध्याकाळी स्वतः लॅपटॉप मोजत. तिसऱ्या महिन्यात ओगाता-साननी एक नियम मागितला: स्टोअरमध्ये कुणीही एकट्याने जायचं नाही, दोघांनी स्कॅन करायचं. "मीसुद्धा नाही. सरसुद्धा नाहीत." सरांनी मान्य केलं. ऑडिटला आलेल्या क्लायंटने हा नियम उतरवून घेतला आणि आपल्या दुसऱ्या ऑफिसचं कामही आम्हाला दिलं. त्या कामाची आमची टीम ओगाता-सानच्या हाताखाली आहे.

वर्ष झालं तेव्हा मी सरांना सांगितलं, "संरक्षण काल संपलं."

"कशाचं?" त्यांनी विचारलं.

क्लेमचा फॉर्म आम्ही कधी उघडलाच नाही. मालकाला हमी लागते ती पहिल्या दिवशी. नंतर त्याला माणूस वेळेवर आलेला लागतो.