थांबलेली रेघ

पोलिश शिकवणाऱ्या बाईंनी आज फळ्यावर दोन समांतर रेघा ओढल्या. एक काम चालू असताना दुसरंही चालू असतं, त्याचं हे कृदंत. मग खाली एक रेघ मध्येच थांबवली आणि तिथून पुढे दुसरी सुरू केली. एक संपून दुसरं होतं, त्याचं कृदंत वेगळं. खडू थांबला त्या जागेवरून माझी नजर हलेना.

परदेशात आल्यापासून मी त्या वरच्या दोन रेघांवर जगते आहे. मी इथे कांदा चिरताना तिकडे साताऱ्यात आई शेंगा सोलत असेल, खोकत असेल, पण असेल. म्हणून आमच्या घरचा नियम आहे. अवेळी फोन करणाऱ्याने आधी "सगळं ठीक आहे" म्हणायचं, मग बाकीचं. धाकटा संजू तर चुकून फोन लागला तरी तेच म्हणतो.

बाकावर माझा फोन थरथरला. संजू. ही त्याची ऑफिसची वेळ. मी वर्गाबाहेर आले. फोन कानाला लावला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "काही खाल्लंयस का तू?"