बाबांचे पाचशे बारा, माझे चारशे एकतीस

१. गाडी बाबांची. विजेवर चालणारी, मोठी, निळी सेदान. ऐंशी युनिटची बॅटरी.
२. बाबा भाद्रपदात गेले. गाडी विकायची, असं दादाने आणि मी ठरवलं.
३. गिऱ्हाईक मिळालं. त्यांचा एकच प्रश्न होता: एका चार्जमध्ये खरोखर किती जाते?
४. ते मोजायला मी जानेवारीत पुणे, दिवेआगर, मुरुड, अलिबाग, पुणे असा ४७४ किलोमीटरचा प्रवास केला. चार दिवस, एकटीने.
५. निघताना पूर्ण चार्जच्या हिशेबाने गाडी ५१२ किलोमीटर सांगत होती. अलिबागला ४३१. घरी परतले तेव्हा ४५८.
६. तिन्ही आकडे बरोबर आहेत.

सहावा मुद्दा एकदम पटणार नाही, म्हणून पुढचं लिहिते आहे. अशी गाडी घेऊन रायगडच्या किनाऱ्याला जायचं असेल तर रस्ते, चार्जिंग आणि खर्च यातच सापडतील.

मी बॅटऱ्यांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे रेंज मोजायला चार दिवस समुद्राकाठी जायची गरज नव्हती, हे मला माहीत आहे. गेले त्याचं कारण वेगळं होतं. विक्रीआधी गाडीतली माहिती पुसताना नकाशात जुन्या ठिकाणांची यादी दिसली. त्यात बाजार, दवाखाना, माझं ऑफिस होतं आणि दिवेआगरमधलं एक घर होतं. बाबा दिवेआगरला गेल्याचं मला ठाऊक नव्हतं. शोधल्यावर कळलं की त्या घरात पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. मी एक घेतली. नाव सांगताना आडनाव सांगितलं नाही.

पहिला दिवस, ताम्हिणीमार्गे दिवेआगर, १६५ किलोमीटर. बॅटरी मी ऐंशी टक्केच भरते; रोज शंभर भरल्याने तिचं आयुष्य घटतं. ऐंशीला पडद्यावर ४१० दिसत होते. ४१० वजा १६५, म्हणजे पोहोचल्यावर २४५ उरायला हवेत. दुपारी दिवेआगरला पोहोचले तेव्हा १९९ होते.

ही चूक माझ्यासारखीनेच करावी. पडद्यावरचा तो आकडा बॅटरीचा नसतो. आधीचा चालक कसा चालवत होता, त्यावरून गाडी पुढचा अंदाज बांधते. ५१२ हा बाबांचा आकडा होता. त्यांच्यानंतर गाडी जवळजवळ उभीच होती, म्हणून तो तसाच राहिला होता. हे मी कामावर इतरांना शिकवते. तरीही आकडा बाबांचा आणि पाय माझा, अशी वजाबाकी करून मी निघाले.

बाबांचं भोसरीत प्रेसचं वर्कशॉप होतं. तीस वर्षं त्यांनी पायाच्या पेडलवर पत्रा कापला. तिथे एकच नियम होता: हात आत जायच्या आधी पाय बाहेर. गाडीतही ते तसेच. पुढे काही दिसलं की बाकीचे ब्रेकवर पाय नेतात, बाबा दोनशे मीटर आधी पाय उचलायचे. विजेच्या गाडीत पाय उचलला की चाकं उलट बॅटरी भरू लागतात. त्यामुळे त्यांच्यामागे हॉर्न वाजत आणि त्यांचे ५१२ होत. मी माणगावपर्यंत ताशी ऐंशीने चालवली. पुढे म्हसळ्याच्या वळणांवर उशिरा ब्रेक मारले. वाटेतल्या गतिरोधकांवर गाडीचं पोट दोनदा घासलं. सेदान नेणाऱ्यांनी ते गाडी तिरकी घेऊन पार करावेत.

घराच्या मालकीणबाई सुलभाकाकू. साठीच्या पुढच्या. त्यांचा मुलगा पनवेलला असतो. गाडी वाडीच्या फाटकातून आत घेतली तेव्हा त्या तिच्याकडे बघत राहिल्या. अशीच एक गाडी मागे येऊन गेली होती, म्हणाल्या. मी बॅग काढत होते, काढत राहिले. एकटीच का, असं विचारलं. हो म्हटलं. चार्जिंगचं विचारावं असं एकदा मनात आलं. पण श्रीवर्धनच्या एका हॉटेलात चार्जर असल्याचं अ‍ॅप दाखवत होतं आणि कोणाकडे काही मागायचं नाही, असा माझा जुना नियम आहे. संध्याकाळी समुद्रावर गेले. ओहोटी होती. एका कुटुंबाने फोटो काढून द्यायला सांगितलं. काढून दिला. तुमचाही काढू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा नको म्हटलं.

दुसरा दिवस, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर, जाऊन-येऊन ७८ किलोमीटर. रस्ता सुंदर आहे, चढउताराचा आहे, एका युनिटला पाचच किलोमीटर देतो. श्रीवर्धनच्या हॉटेलातला चार्जर ताडपत्रीत गुंडाळलेला होता. पाऊस लागल्यापासून तसाच आहे, असं तिथल्या माणसाने सांगितलं, आणि जेवायला थांबणार का, असंही विचारलं. दुपारी साडेचारला काकूंकडे परतले तेव्हा २३ टक्के उरले होते, १०२ किलोमीटर. अलिबागपर्यंत रस्ता ८३. मध्ये दिघीचा चढ. एकोणीस किलोमीटरच्या भरवशावर मी कोणालाही जाऊ दिलं नसतं.

मग मागितलं. पंधरा अँपिअरचा एखादा सॉकेट आहे का, असं काकूंना विचारलं.

त्या मला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. वादळात पडलेल्या पोफळींच्या जागी तिथे नवीन रोपं लावली आहेत, त्यांना सावली धरायला मध्ये मध्ये केळी. पंप चालू होता. वाडीत काम करणारा पांडूदादा पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवत होता. पंपाच्या भिंतीवर करड्या रंगाचा कारखान्यातला सॉकेट बसवलेला होता, मीटरपासून वेगळी जाड वायर, स्वतःचा वेगळा स्विच. वायरीचे क्लँप बरोबर एकेक वितीवर. खाली लाल ऑइलपेंटने लिहिलं होतं: आधी पंप बंद. मग गाडी.

ते अक्षर आमच्या वर्कशॉपच्या प्रत्येक मशीनवर होतं.

पांडूदादाने मान वर केली. "ताय, थांबा जरा. दोघांनी येकदम प्यायला बसू नका. वोल्टेज न्हाय तेवढा. आधी सुपारी, मग तुमची गाडी."

हा सॉकेट कोणी बसवला, ते मी काकूंना विचारलं. उत्तर माहीत असताना विचारलं.

"ती गाडी म्हटली ना मी, तिचे मालक," काकू म्हणाल्या. "पावसाआधी आले होते. एकटेच. वायर, सॉकेट सगळं पुण्याहून घेऊन. दोन दिवस या पांडूला पंप लाव, पंप बंद कर करायला लावून नुसतं वात आणला. मी म्हटलं, अहो, समुद्र तरी बघा. तर म्हणाले, दिवाळीत मुलांना आणणार आहे, तेव्हा बघेन. दोन्ही खोल्या ठेवा. एक मुलीला, एक मुलाला. मुलगी आकड्याशिवाय ऐकत नाही, म्हणून आधी करून बघतो."

पांडूदादा म्हणाला, "मानूस भला. पन चहा निवला तरी मीटरच बघायचा."

"दिवाळीला दोन्ही खोल्या लावून ठेवल्या," काकू म्हणाल्या. "मुलाला आंब्याचं साठं आवडतं म्हणाले होते, तेही जपून ठेवलं. आले नाहीत. फोन लागेना. मला रागच आला, खोटं कशाला बोलू."

"ते माझे वडील," मी म्हटलं. "भाद्रपदात गेले."

काकूंनी पदराला हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. मग त्या वाडीकडे तोंड करून म्हणाल्या, "पांडू, पंप बंद कर. गाडीला लाव आधी."

शिंपणं अर्ध्यावर होतं. चार ओळी कोरड्या होत्या, मी मोजल्या. मी म्हटलं, पूर्ण होऊ दे, मला घाई नाही. पांडूदादाने दोघींकडे पाहिलं आणि पाणी पुढच्या आळ्यात वळवलं. सहाला पंप बंद झाला. मी गाडी लावली. रात्री जेवण खोलीवर मागवायचं ठरवलं होतं, पण काकूंनी स्वयंपाकघरातच पान वाढलं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, ताक. त्यांनी बाबांबद्दल आणखी काही विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. सकाळी सहाला, शिंपण्याच्या वेळी, गाडी काढली. बारा तासांत सव्वीस युनिट भरले होते, बॅटरी ५५ टक्क्यांवर आली होती. घरगुती सॉकेटवर एवढंच होतं, तेही पंप बंद असेल तर. विजेचे पैसे काकूंनी आधी नाकारले, मग मीटरप्रमाणे घेतले. निघताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं साठं माझ्या हातात दिलं. मुलाचं आहे, म्हणाल्या.

तिसरा दिवस, दिघीहून जंगारने आगरदांडा, मग मुरुड आणि अलिबाग. जंगार म्हणजे गाड्या नेणारी सपाट होडी. वेळ आधी विचारून जावं, नाहीतर धक्क्यावर बसावं लागतं. मी सव्वा तास बसले. गाडी चढवल्यावर तिथला माणूस खिडकीशी आला आणि इंजिन बंद करा म्हणाला. बंदच आहे, म्हटलं. त्याने बॉनेटवर हात ठेवून खात्री केली आणि पलीकडच्या सोबत्याला ओरडून सांगितलं, "आरं, हिला जीवच न्हाय!" सगळे हसले. मीही थोडी हसले.

मुरुडला कोळीवाड्याजवळच्या एका लहानशा खानावळीत जेवले. मालक चाचांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, मी पापलेट मागवायच्या आधीच सांगितलं, "एकट्या माणसाला आख्खं पापलेट जड होतं बेटा. मांदेली घे." घेतली. चांगली होती.

अलिबागला पोहोचले तेव्हा पूर्ण चार्जचा हिशेब ४३१ वर आला होता. गिऱ्हाईकाला हवा होता तो आकडा मिळाला. जलद चार्जरवर पंचेचाळीस मिनिटं लागली, पस्तीस युनिट, युनिटला बावीस रुपये. शेजारी मुंबईची एक गाडी लागली होती, तिच्यातली मुलं माझ्या पडद्यात डोकावत होती. मी तिथे बसून बघत होते की ५१२ मधलं आता गाडीत काही उरलेलं नाही. तीनशेहून अधिक किलोमीटरमध्ये मी ते पुसलं होतं. नकाशातली यादी पुसायला मी इतके दिवस लावले आणि हे चालवता चालवता झालं.

चौथा दिवस, पेण-खोपोलीमार्गे पुणे, १४८ किलोमीटर. वडखळनंतर मी साठवर आले. पुढे ट्रक दिसला की दोनशे मीटर आधी पाय उचलायचा. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले. आधी ते जमत नव्हतं, पाय आपोआप ब्रेककडे जाई. खोपोलीपर्यंत जमू लागलं. घाट चढूनही आकडा फार पडला नाही. घरी पोहोचले तेव्हा ४९ टक्के उरले होते, पूर्ण चार्जचा हिशेब ४५८. म्हणजे ते गाडीत नव्हतंच, पायात होतं. शिकता येतं. पण शिकवणाऱ्याच्या शेजारी बसून शिकायला हवं होतं.

हिशेब असा. ४७४ किलोमीटरला ८६ युनिट. घरची, काकूंकडची आणि अलिबागची वीज धरून किलोमीटरला अडीच रुपयांच्या आत. एवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीला चौपट लागले असते. मात्र विमा, टायर आणि वर्षागणिक उतरणारी किंमत यांत ती बचत बुडते. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या एकट्या माणसाने ही गाडी ठेवू नये. माझं फिरणं त्याहून कमी आहे. विकणंच योग्य आहे.

गिऱ्हाईकाला मी तिन्ही आकडे कळवले आणि महिनाअखेरपर्यंतची मुदत मागितली. त्यांनी दिली.

आता एक मजकूर एकाच वाचकासाठी. या ब्लॉगला कोण कुठून भेट देतं ते मला नकाशावर दिसतं. मी काही लिहिलं की दुसऱ्या दिवशी मेलबर्नमध्ये एक ठिपका उमटतो. प्रतिक्रिया कधी येत नाही.

दादा, पत्र्याच्या डब्यासाठी वर्कशॉप विकलं, असं तू बाबांना म्हणाला होतास. तेराव्यापर्यंत तू घरी होतास, पण टॅक्सीने ये-जा केलीस, गाडीत बसला नाहीस. त्यांनी ती कशासाठी घेतली होती हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. आता वर लिहिलं आहे. विकायला माझी हरकत नाही. त्याआधी तू एकदा यावंस असं मला वाटतं. मी चालवेन, हळू. साठं फ्रिजमध्ये आहे.

काकूंना एक खोली सांगायची की दोन, ते येत्या रविवारपर्यंत कळव.