राघूच्या पंगतीला
आमच्या घरी राघू आला तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता आणि मी त्रेचाळीसची. नव्याने कुणाशी जमवून घ्यायची हौस दोघांनाही उरलेली नव्हती.

माझ्या नवऱ्याची आत्या सटाण्याला एकटी राहायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी ती पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि मुलीने तिला घोटीला नेलं. मुलीकडे दोन मांजरं. म्हणून आत्याच्या पोपटाचा पिंजरा आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आला. नवऱ्याने तो गॅलरीतल्या हुकाला अडकवला, "दुपारची तुला सोबत होईल," म्हणाला आणि आंघोळीला गेला. सोबत! सासऱ्यांना तीन वर्षं चमच्याने भरवून मी नुकती कुठे मोकळी झाले होते. मला सोबत नको होती, झोप हवी होती.

राघू खाईना. नवी स्टीलची वाटी घासूनपुसून घेतली, भिजवलेली हरभऱ्याची डाळ घातली, पेरूची फोड, हिरवी मिरची. शेजारणींनी येऊन "मिठू मिठू" करून पाहिलं. तो पाठ करून कोपऱ्यात बसायचा. हात आत घातला की अंगठ्याला कडकडून चावायचा आणि वाटी उलटी करायचा. चार दिवसांत त्याच्या छातीचं हाड वर दिसायला लागलं. मिटलेली ती चोच पाहून मला सासऱ्यांचे घट्ट मिटलेले ओठ आठवायचे आणि दया येण्याऐवजी राग यायचा. मर जा, असंही एकदा तोंडातून गेलं. मग गॅलरी पुसता पुसता रडले.

रोज दुपारी घोटीहून आत्याचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, तिच्या अहिराणीत, "मना राघू जेवना का?"

"जेवला," मी खोटं सांगायची. अंथरुणात पडलेल्या बाईला दुसरं काय सांगणार? पण पाचव्या दिवशी माझ्याने खोटं बोलवेना. "नाही हो आत्या. काहीच खात नाही. वाटी भरून ठेवते, तास तास वाट बघते."

"आनि तू कधी जेवती?"

"त्याचं झाल्यावर. नाहीतर साडेतीनला, ओट्याशी. उभ्या उभ्या."

आत्या म्हणाली, "अगं, तो एकला नाय खात कधी. तू ताट घेऊन त्याच्यासमोर बस. तू खा, मग तुझ्या ताटातलं त्याला दे."

"उष्टं?"

"मग? इतकी वरीसं माझं उष्टंच खातो तो. समोरचं मानूस खातंय हे दिसल्याबिगर त्याला भरोसा येत नाय."

मला पटेना. आमच्या घरात उष्टं गाईलाही घालत नाहीत. दारी आलेल्याला आधी वाढायचं, त्याचं पोट भरलं की मग घरच्या बाईने बसायचं. मी त्याचा पाहुण्यासारखा मान राखत होते आणि तो बिचारा उपाशी मरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेतलं माझं काम उरकून आले आणि गॅलरीत पाट मांडून बसले. भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. किती वर्षांनी दुपारी बसून जेवत होते, आठवेना. राघूने मान वाकडी करून माझा घास तोंडापर्यंत नजरेने पोचवला. तिसऱ्या घासाला तो एक दांडी खाली उतरला. मी चावलेला भाकरीचा तुकडा गजांतून धरला. त्याने तो हिसकला, कोपऱ्यात नेला आणि खाल्ला. अख्खा खाल्ला!

पण तेवढ्यात दार वाजलं. नवऱ्याची कारखान्यातली पहिली पाळी सुटली की पावणेचारला तो घरी यायचा आणि त्याला आल्याआल्या चहा लागायचा. मी ताट सरकवून उठले. चहा देऊन परत आले तर राघू पाठ करून बसला होता. त्या दिवशी त्याने पुन्हा कशालाही चोच लावली नाही. पुढचे तीन दिवस असंच झालं. एक तुकडा, मग दार, मग पाठ. त्याला काय वाटत असेल ते मला कळत होतं. ताटावरून अर्ध्यात उठणाऱ्या बाईच्या अन्नाचा काय भरवसा?

पाचव्या दिवशी तो गजांपाशी आला. माझ्या बोटांतून तुकडा घेतला, बोट सोडून नुसता तुकडा. पायात धरून तिथेच, माझ्यासमोर खायला लागला. मी श्वास रोखून चावत होते.

दार वाजलं. लॅच उघडून नवरा आत आला. "चहा टाक गं."

राघूचा पाय थांबला. तो माझ्याकडे बघत होता. माझे गुडघे सवयीने वर आले होते, ते मी खाली टेकवले.

"थांबा जरा," मी आतल्या दिशेने म्हटलं. "आम्ही जेवतोय."

नवरा गॅलरीच्या दाराशी येऊन उभा राहिला. मग आत वळला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला, साखरेचा डबा कुठे आहे असं त्याने विचारलं, मी सांगितलं. राघूने भाकरी पुन्हा कुरतडायला घेतली. मी आणखी एक भाकरी ताटात घेतली.